येये, नाइनाइ आणि आम्ही दोघं



बडोद्याहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अगं, तिकडे तुमचा दिवस जातो तरी कसा? भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, शेजारी बोलायला कोणी नाही." मी दर वेळी हसून म्हणते, "जातो गं, कुठे अडतो." पण हे काही खरं उत्तर नव्हे. तुमच्यापैकीही अनेकांची मुलं परदेशी आहेत आणि "आई-बाबा, आता तुम्ही इकडेच या" असं बोलावणं तुम्हालाही येत असेल. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

आम्ही दोघं सध्या शांघायला आहोत. हे बँकेतून निवृत्त झाले, मी शाळेतून. लेक इथल्या एका कंपनीत अभियंता आहे, सूनही नोकरी करते आणि नातू चार वर्षांचा आहे. तो जन्मला तेव्हा तीन महिन्यांसाठी येऊन गेलो होतो. आता येऊन दोन वर्षं होत आली.

सगळ्यात आधी कागदपत्रांचं सांगते, कारण इथलं राहणं त्यावरच टांगलेलं आहे. काही देशांत निवृत्त लोकांसाठी खास व्हिसा असतो. चीनमध्ये तसा काही प्रकार नाही. साठी उलटल्यावर नोकरीचा परवाना मिळणंही कठीण. आमच्यासारख्यांना एकच वाट असते, ती म्हणजे इथे नोकरी करणाऱ्या मुलाचे आईवडील म्हणून ‘एस १’ नावाच्या व्हिसावर यायचं आणि आल्यावर तीस दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. मुलाचा परवाना जेवढा, तेवढाच आपला. त्याची नोकरी गेली की आपलंही बिऱ्हाड उठलं.

त्यासाठी नात्याचा पुरावा लागतो. लेकाचा जन्मदाखला काढून पाहिला, तर त्यावर नावाचा रकानाच कोरा! त्या काळी बारशाआधीच नोंद व्हायची आणि नाव घालायचं राहून जायचं. सदतीस वर्षं ज्याला हाका मारल्या, तो आपलाच मुलगा आहे हे सिद्ध करायला ह्यांना महापालिकेत तीन चकरा माराव्या लागल्या. तुमच्या घरातले जुने दाखले आजच काढून बघा, एवढं सांगते.

दुसरा नियम म्हणजे बाहेरून देशात आलं की चोवीस तासांच्या आत पत्त्याची नोंद पोलिसांकडे करायची. हॉटेलात उतरलात तर ते काम हॉटेलवाले करतात. घरी राहणाऱ्यांनी स्वतः करायचं. पहिल्या दिवशी पोलीस चौकीत जायचं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता. तिथल्या मुलीने पासपोर्ट पाहिले, घराचा करारनामा पाहिला, एक कागद छापून दिला आणि आम्हाला प्यायला गरम पाणी दिलं. इथे कुठेही जा, गरम पाणी मिळतं. पोट दुखो, सर्दी होवो की मन उदास असो, सगळ्यावर एकच औषध, गरम पाणी. माझ्या आजीचं आणि चिनी लोकांचं छान जमलं असतं.

आता दिवस. आमचं घड्याळ तुमच्यापेक्षा अडीच तास पुढे. इथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा बडोद्यात साडेतीन. त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या कोणाला फोन करायची सोय नाही. आम्ही चहा घेऊन बागेत जातो. बागेत आमच्याच वयाची माणसं असतात. कोणी संथपणे ताई ची करतं, कोणी पिंजऱ्यातला पक्षी फांदीला टांगून गप्पा मारतं. एक आजोबा भलामोठा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढतात. पहिली ओळ वाळून जाते तोवर तिसरी ओळ लिहून होते. हे रोज तिथे पाच मिनिटं थांबतात. एकदा त्यांनी ह्यांच्या हातात ब्रश दिला. ह्यांनी फरशीवर ‘श्री’ काढला. आजोबांनी तो वाळेपर्यंत पाहिला आणि अंगठा वर केला.

तिथून मंडई. इथे भाव ‘जिन’वर असतो आणि एक जिन म्हणजे अर्धा किलो. हे कळायच्या आधी मी महिनाभर "भाजी किती स्वस्त!" म्हणत होते. शिवाय आकडे एका हाताच्या बोटांवर दाखवतात. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा. अंगठा आणि तर्जनी, पिस्तूल रोखल्यासारखी, म्हणजे आठ. मी ते दोन समजले आणि दोन युआन पुढे केले. भाजीवाली हसत सुटली, मग मीही.

पण त्या मंडईनेच मला पहिला धीर दिला. उन्हाळ्याच्या तोंडावर एका टोपलीत लाल माठ दिसला. आपला लाल माठ! इथे तो लसूण घालून परततात आणि त्याचं गुलाबी पाणी भातावर घेतात. घोसाळी मिळतात, कारली मिळतात, कमळकाकडी तर रोजची. मेथी नाही, पण ती मी बाल्कनीतल्या कुंडीत लावते. कोथिंबिरीला इथे ‘सुगंधी भाजी’ म्हणतात. अशा ओळखीच्या चार भाज्या दिसल्या की गाव निम्मं आपलं होतं.

पैसे मात्र सगळे फोनवरून. आपल्याकडेही आता भाजीवाला क्यूआर लावून बसतो, त्यामुळे त्याचं नवल नाही. अडचण वेगळीच आहे. आमच्या फोनला जोडलेलं कार्ड लेकाचं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवणारा माणूस कोथिंबिरीची जुडी मुलाच्या पैशाने घेतो, हे ह्यांना जड जातं. ते रोज रात्री वहीत लिहितात. केळी इतकी, दूध इतकं. लेक सुरुवातीला हसायचा, "बाबा, हे काय, मला बिल देणार आहात का?" एकदा ह्यांनी शांतपणे सांगितलं, "तुला देण्यासाठी नाही रे. मला माहीत असावं म्हणून." तेव्हापासून तो हसत नाही. आता दर तिमाहीला बडोद्याच्या खात्यातून हे नातवाच्या नावे काही रक्कम टाकतात. ह्यांची झोप सुधारली.

नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून मिळतो. आपण जिवंत आहोत हे सांगायला मेट्रोने जायचं, येताना इडली-डोसा खाऊन यायचं, अशी आमची दिवाळीनंतरची सहल असते.

आता दुपारचे चार. दिवसाचं खरं काम तेव्हा असतं. नातवाला बालवाडीतून आणायचं.

त्या फाटकापाशी उभं राहिलं की कळतं, चीनमध्ये मुलं कोण वाढवतं ते. दहापैकी सात-आठ आजी-आजोबाच. २०२४ पर्यंत इथे कामगार बायका पन्नाशीत आणि पुरुष साठीला निवृत्त होत. २०२५ पासून ही वयं हळूहळू वाढवत नेणार आहेत. पण आज फाटकावर दिसते ती पिढी लवकर मोकळी झालेली आहे. वडिलांच्या आईला इथे ‘नाइनाइ’ म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना ‘येये’. काका म्हणजे ‘शूशू’. हा शब्द पहिल्यांदा ऐकून नातवाला स्वच्छतागृहाकडे नेणारी आजी मीच! आणि मोठ्या बाईला आदराने ‘आयी’ म्हणतात. मला पहिल्यांदा कोणीतरी "आयी!" अशी हाक मारली तेव्हा मी गर्रकन वळले. वाटलं, इथे मराठी कोण?

नातू घरी आम्हाला आजी-आजोबाच म्हणतो. पण फाटकापाशी मित्रांना ओळख करून देताना ह्यांच्याकडे बोट दाखवून "येये!" म्हणतो. आणि हे खरंच पुढे येतात.

त्याच फाटकापाशी मला ती भेटली. आमच्याच इमारतीत, चार मजले खाली राहते. वय बासष्ट. ती आन्हुई प्रांतातल्या एका खेड्यातली. तिलाही एकच मुलगा, कारण तिच्या तरुणपणी एकच मूल हा सरकारी नियम होता, तो २०१६ मध्ये सुटला. मुलगा-सून दोघं शांघायला नोकरीला, म्हणून ती नातवासाठी इथे आली. नवरा गावीच आहे, शेत आणि कोंबड्या सांभाळतो. दोघं वर्षातून एकदा, वसंतोत्सवाला भेटतात.

आम्ही बोलतो फोनमधल्या भाषांतरावर. पण तिचे उच्चार गावाकडचे, ते फोनला कळत नाहीत. एकदा ती काहीतरी पोटतिडकीने बोलली आणि फोनने मला सांगितलं, "माझी सून एक जुना कोबी आहे." आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. नंतर उमगलं, शांघायच्या जुन्या लोकांची बोलीही तिला कळत नाही. मंडईत तीसुद्धा बोटांनीच बोलते. मी परदेशात आहे हे खरं, पण ती स्वतःच्याच देशात परकी आहे.

चिनी भाषेत अशा माणसांना एक शब्द आहे, ‘लाओप्याओ’. म्हातारपणी तरंगत राहिलेले, असा काहीसा अर्थ. मुलांच्या मागे शहरात आलेले आईबाप. इथे प्रत्येकाची ‘हुखोऊ’ नावाची नोंद असते, आपल्या रेशनकार्डापेक्षा कितीतरी वजनदार. शाळा, विमा, निवृत्तिवेतन अशा अनेक गोष्टी तिच्याशी बांधलेल्या. तिची हुखोऊ गावची. आजारपणात इथे विमा वापरायचा तर आधी वेगळी नोंदणी करावी लागते. म्हणून ती गुडघेदुखीवर औषध घ्यायचं पुढे ढकलत राहते, "गावी गेले की बघू" म्हणत. हे वाक्य मला नवीन नव्हतं. दाताचं दुखणं मीही "बडोद्याला गेले की बघू" म्हणून वर्षभर काढलं होतं.

आता जे सांगणार आहे ते लिहावं की नाही, असा विचार मी बरेच दिवस करत होते.

गेल्या वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये, ह्यांचे थोरले भाऊ गेले. पहाटे फोन आला. आणि आमचे पासपोर्ट हातात नव्हते. राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी ते कार्यालयात दिलेले होते. त्या काळात हातात फक्त एक पावती असते. तिच्यावर या देशात फिरता येतं, बाहेर जाता येत नाही. शिवाय भारत आणि चीनमधली थेट विमानं २०२० पासून बंदच होती, ती पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. पासपोर्ट असता तरी तिसऱ्या देशातून फिरून जायला दिवस मोडला असता. आपल्याकडे तेवढं थांबत नाहीत, थांबवूही नये. ज्या भावाने वडिलांच्या मागे ह्यांचं शिक्षण केलं, त्याला शेवटचा निरोप ह्यांनी फोनच्या पडद्यावर दिला. मध्येच चित्र गोठलं. पुन्हा आलं तेव्हा सगळे परत फिरत होते.

पासपोर्ट पाचव्या दिवशी मिळाले. हे दहाव्याला पोहोचले. मी नातवासाठी इथेच राहिले.

सुतक म्हणून मी फाटकावर जात नव्हते, सून लवकर येऊन नातवाला आणायची. तिसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. ती उभी होती. मी फोनमध्ये बोलले, "ह्यांचे मोठे भाऊ वारले." या वेळी फोनने बरोबर सांगितलं असावं. ती आत आली, माझ्या अंगावरची पांढरी ओढणी पाहिली आणि मान हलवली. शोकाचा रंग इथेही पांढराच असतो. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन पाणी गरम केलं, पेला माझ्या हातात दिला आणि अर्धा तास गप्प बसून राहिली. त्या अर्ध्या तासात मला भाषेची गरज लागली नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला इथे ‘छिंगमिंग’ असतो. आपल्या सर्वपित्रीसारखा म्हणा. लोक गावी जातात, पूर्वजांच्या समाध्या झाडून स्वच्छ करतात, फळं, खाणं ठेवतात. त्या वर्षी तिच्या नातवाला ताप होता, तिचं गावी जाणं राहिलं. तिच्या आईच्या समाधीवर कोणी गेलं नाही. हे नुकतेच परतले होते. त्या सकाळी ती एक डबा घेऊन आली. त्यात ‘छिंगत्वान’ होते, हिरव्या पाल्याचा रस घातलेल्या तांदळाच्या पिठाचे गोळे, आत गोड सारण. उकडीचे मोदकच जणू, फक्त कळ्या नसलेले. दोन आमच्यासाठी आणि एक वेगळा ठेवलेला. तिने खुणेने वर आभाळाकडे दाखवलं. तो मोठ्या भावासाठी.

ह्यांनी तो बाल्कनीच्या कठड्यावर ठेवला. कावळा आमच्या आवारात मी अजून पाहिलेला नाही. थोड्या वेळाने एक होला आला, आपल्याकडे असतो तसाच, मानेवर ठिपके असलेला. त्याने दोनदा चोच मारली. हे आत आले आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

म्हणून मंडळी, "दिवस कसा जातो" याचं माझं उत्तर असं आहे. दिवस भाजी, नातू, कपडे, हिशेब यांत जातो, जसा तिथे जातो. अवघड असतात ते वर्षातले चार-पाच दिवस. आणि त्या दिवशी मुलगा-सून कितीही प्रेमळ असले तरी पुरत नाहीत, कारण ते कामावर असतात. दार वाजवणारं कोणीतरी एक लागतं. त्याची भाषा कोणतीही असो.

जायचा विचार करणाऱ्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. एक, आपलं घर लगेच विकू नका. परवाना मुलाच्या नोकरीवर चालतो, परतायला छप्पर हवं. दोन, आपल्या औषधांची मूळ नावं लिहून न्या, कंपनीची नावं तिथे कोणाला कळत नाहीत. चीनमध्ये रुग्णवाहिकेसाठी १२० हा क्रमांक पाठ करा. तीन, जवळच्यांना आधीच सांगून ठेवा की वेळ आली तर आमच्यासाठी थांबू नका. हे बोलणं कठीण आहे, पण मागाहून मनाला लागत नाही. शेवटची, तिथली दहा वाक्यं शिका, आणि त्यातलं पहिलं "जेवलात का?" हे असू द्या. इथे ओळखीचं माणूस भेटलं की असंच विचारायची पद्धत आहे, "छी फान ल मा?" आपल्याकडे नाही का, दारात आलेल्याला आधी तेच विचारतात.

येत्या ऑगस्टमध्ये लेकाचा परवाना संपतोय. कंपनी पुढे ठेवेल की दुसरीकडे पाठवेल, हे अजून ठरलेलं नाही. तिचा नातू सप्टेंबरात मोठ्या शाळेत जाईल. शाळा इथे मिळेल की त्याला घेऊन गावी परतावं लागेल, हे तिलाही माहीत नाही. आम्ही दोघी त्यावर बोलत नाही. ह्या वर्षी बाल्कनीतली मेथी चांगली आली आहे, मी तिला ठेपले करायला शिकवलं. तिने मला लाल माठ परतताना पाणी कधी घालायचं नसतं ते दाखवलं.

रोज संध्याकाळी लिफ्टमधून ती आधी उतरते. दार मिटताना म्हणते, "मान झोऊ." शब्दशः अर्थ, सावकाश चाला. आपण पाहुण्याला दारापर्यंत सोडून म्हणतो तेच.

तर मंडळी, सावकाश जा. पुढच्या वेळी भेटूच, इथून किंवा बडोद्याहून.